तकलीचा तास

हावड्याहून मुंबईकडे निघालेली गाडी छत्तीसगड मागे टाकून महाराष्ट्रात शिरते, तेव्हा तिला लागणारे पहिले मोठे जंक्शन म्हणजे गोंदिया. तिथून नागपूर सुमारे १३० किलोमीटर आणि वर्धा आणखी ऐंशीएक. शांतिनिकेतन सोडून वर्ध्याला यायचे तर सरळ वाट हीच. १९३० च्या दशकात शांतिनिकेतनाशी नाळ असलेले एक जोडपे वर्ध्यात येऊन राहिले: ई. डब्ल्यू. आर्यनायकम् आणि आशादेवी.

आर्यनायकम् सिलोनचे, म्हणजे आजच्या श्रीलंकेचे, तमिळ ख्रिस्ती. रवींद्रनाथांचे ते सचिव होते आणि १९३० साली त्यांच्याबरोबर सोव्हिएत रशियाही पाहून आले होते. आशादेवी बंगाली. म्हणजे दोघांनाही मराठी परकी, आणि वाट्याला आलेले काम असे, की ज्यासाठी आधीचे पाठ्यपुस्तक कुठेच नव्हते. खेड्यातल्या मुलाला सूत काढायला लावायचे आणि त्या सुतातूनच गणित, भूगोल, भाषा शिकवायची.  शाळेतल्या तंत्रज्ञान-शिक्षणाची विदर्भातली वंशावळ काढायला बसले तर सुरुवातीला हा सिलोनचा माणूस भेटतो.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ या दोन दिवशी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष गांधीजी. परिषदेने झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि समितीने काही आठवड्यांतच अहवाल हातावर ठेवला. त्यातले वेळापत्रक आजही वाचण्यासारखे आहे. शाळेचा दिवस साडेपाच तासांचा. त्यापैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला, ४० मिनिटे मातृभाषेला, ४० मिनिटे संगीत, चित्रकला आणि गणिताला, समाजशास्त्र व सामान्य विज्ञानाला अर्धा तास, व्यायामाला १० मिनिटे आणि मधली सुट्टी तेवढीच, १० मिनिटांची. वर्षाला २८८ दिवस शाळा. मुलांना कुणी विचारले असते, तर सुट्टीच्या बाबतीत त्यांनी या विद्वानांशी नक्कीच भांडण मांडले असते.

गणिताला वेगळा भरघोस वेळ का नाही, याचे उत्तर तकलीत होते. चार फुटांचा एक तार, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. गुंडी ६४० तारांची झाली, तर तिची लांबी किती फूट, किती वार? तिचे वजन किती भरले, म्हणजे सूत किती नंबरचे? पेळू किती दिला, सूत किती उतरले, तूट किती गेली? शेकडेवारी इथे फळ्यावरून येत नव्हती, मांडीवर पडलेल्या कापसातून येत होती. हे शिकवायला मास्तराला आधी स्वतः सूत काढता यायला हवे होते. घोडे अडले ते तिथेच.

गांधीजींचा आग्रह होता की मुलांच्या कामातून शाळेचा खर्च, निदान शिक्षकाचा पगार, निघावा. याला परिषदेतच विरोध झाला. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शाह यांनी विचारले, की शाळेत तयार झालेला माल बाजारात गेला, तर पिढीजात कारागिरांनी काय करायचे? झाकिर हुसेन यांनाही स्वावलंबनावर नको इतका भर दिसत होता. कमाईच्या मागे लागून शाळेचा कारखाना होईल, ही भीती तेव्हा अनेकांनी बोलून दाखवली.

गोंदियात ही भीती कुणाला समजावून सांगावी लागली नसती. रेल्वे आली, तिच्या मागोमाग गुजरातेतले ठेकेदार आणि व्यापारी आले, भोवतालच्या जंगलात तेंदूपत्ता मुबलक होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत या टापूत विडीचा धंदा मूळ धरून बसला. हा धंदा कारखान्यापेक्षा ओसरीवर अधिक चालला. पान भिजवायचे, कात्रीने मापात कापायचे, तंबाखू भरून वळायचे, दोऱ्याने बांधायचे. मजुरी हजारावर. घरातल्या बाईच्या शेजारी बसलेले पोर दोरा बांधता बांधता हजारापर्यंत मोजायला शिकायचे, आणि त्यासाठी कुठल्याही समितीचा अहवाल लागला नव्हता. फरक एवढाच, की हजाराच्या पुढे काय, हे त्याला कुणी विचारत नसे. हाताने केलेले काम शिक्षण कधी होते आणि निव्वळ राबणूक कधी, ही रेघ वर्ध्याच्या मंडपात चर्चेचा मुद्दा होती. गोंदियाच्या ओसरीवर ती रोज ओलांडली जात होती.

गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा मध्य प्रांतात. (स्वतंत्र जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडावा लागला.) प्रांताचे शिक्षणमंत्री आणि पुढे मुख्यमंत्री झालेले रविशंकर शुक्ल यांनी समितीच्या या योजनेला, म्हणजे वर्धा योजनेला किंवा नई तालीमला, आपली एक जोड दिली: विद्यामंदिर. गावातल्या जमीनदाराने शाळेला जमीन द्यायची, तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची. मालगुजारी तलावांच्या या धानपट्ट्यात याचा विचार करून बघावा. पाऊस रुसला, बांधी कोरडी राहिली, की मास्तरचा पगारही कोरडा. १९३८ च्या एप्रिलमध्ये वर्ध्यात विद्यामंदिरांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू झाली. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि योजनेच्या पाठीवरचा सरकारी हात गेला. ही योजना राबवणाऱ्या हिंदुस्तानी तालीमी संघाची वर्ध्याजवळच्या सेवाग्राममधली शाळा मात्र आर्यनायकम् दांपत्याने चालू ठेवली.

स्वातंत्र्यानंतर तिथे आणखी एक परदेशी बाई दाखल झाल्या. मार्जरी साइक्स, जन्म १९०५, यॉर्कशायरच्या कोळसा खाणींच्या मुलखातल्या मेक्सबरो गावच्या. केंब्रिजला इंग्रजी साहित्य शिकून १९२८ साली त्या मद्रासला मुलींच्या शाळेत शिकवायला आल्या, मग शांतिनिकेतनला गेल्या आणि तिथून सेवाग्रामला. त्यांच्याकडे काम होते शिक्षक घडवण्याचे. साहित्याची ही विद्यार्थिनी भावी शिक्षकांबरोबर सफाई, स्वयंपाक, शेणखत आणि कताई या वेळापत्रकात जगत होती. या साऱ्या उद्योगाचा इतिहास त्यांनी पुढे ‘द स्टोरी ऑफ नई तालीम’ या पुस्तकात लिहिला. परक्या देशात आयुष्य काढलेल्या शिक्षिकेचे हे मागे वळून पाहणे आहे, पण त्यात ‘मी’ शोधावा लागतो. सगळी जागा शाळेने व्यापली आहे.

परक्यांनाच हे काम का जमले? त्यागबिगाची उत्तरे नेहमी दिली जातात, त्यांत तथ्यही आहे. पण एक कारण अधिक रोखठोक आहे. सिलोनच्या किंवा यॉर्कशायरच्या माणसाने झाडू हातात घेतला, तर त्याचे कौतुक होई. गावच्या गुरुजीने घेतला, तर त्याची जात विचारली जाई. तकली, रापी, चामडे, संडास-सफाई यांतली प्रत्येक वस्तू आपल्याकडे कुणाच्या तरी जातीला बांधलेली होती. बाहेरून आलेल्या माणसाच्या पायात ही दोरी नव्हती. उलट ज्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या कसब होते, तो सुतार, तो कोष्टी, ती विडी वळणारी बाई, यांना शाळेच्या हजेरीपटावर शिक्षक म्हणून जागा द्यावी, असे फारसे कुणाला सुचले नाही.

पुढची कथा मराठी वाचकाला पाठ आहे. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ हा शब्द रूढ केला आणि शाळांनी तो कागदी फुले, खडू, मेणबत्त्या नि शुभेच्छापत्रांत बसवला. ३ तास २० मिनिटांचा मूलोद्योग आठवड्याच्या एकदोन तासिकांवर आला, आणि गणिताचा अभ्यासक्रम मागे राहिला की सगळ्यात आधी त्याच तासिकेवर घाला पडू लागला.

१९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावात डॉ. श्रीनाथ कलबाग येऊन राहिले. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट, मग हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधन, आणि पन्नाशी उलटल्यावर दुष्काळी गावात विज्ञान आश्रम. त्यांनी माध्यमिक शाळांसाठी बसवलेला विषय म्हणजे मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख, शाळांच्या तोंडी ‘आयबीटी’. आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, सुतारकाम, वीज, शेती-पशुपालन, रक्तगट आणि माती तपासणी शिकत. मुले गावाची खरी कामे घेत आणि त्यांचा खर्च वहीत मांडत. वर्ध्यात जे राहून गेले ते कलबागांनी इथे केले: गावातलाच कसबी माणूस मानधनावर निदेशक म्हणून शाळेत आणला. ज्याच्याकडे बी.एड. नव्हते, पण गेट जोडता येत होते. राज्याच्या परीक्षा मंडळाने विषयाला मान्यता दिली. २००२ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या आवाराबाहेर पहिल्यावहिल्या फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याच्या कार्यशाळा, उभारल्या, त्यांत पाबळ होते. कलबाग २००३ मध्ये गेले.

आणि सेवाग्रामहून उलट्या दिशेने गेलेलाही एक शिक्षक होता. देवीप्रसाद, मूळचे देहरादूनचे, शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले. १९४४ पासून त्यांनी सेवाग्रामच्या मुलांना चित्रकला शिकवली, त्यांच्यासाठी कुंभारकामाची भट्टी लावली. १९६२ साली ते लंडनला गेले ते युद्धविरोधी कार्यकर्त्यांच्या ‘वॉर रेझिस्टर्स इंटरनॅशनल’ या संघटनेचे सरचिटणीस म्हणून. तिथे दिवस बैठका, पत्रव्यवहार आणि निषेधपत्रकांत जायचा, पण चाक सुटले नाही. परक्या शहरात ते माती मळत राहिले, भांडी घडवत राहिले. वीसेक वर्षांनी ते भारतात परतले आणि दिल्लीत पुन्हा चाकावर बसले. आज देवीप्रसाद म्हटले की संग्राहकांना त्यांची मातीची भांडी आठवतात. सेवाग्रामच्या मुलांनी काढलेली चित्रे त्यांनी जपून ठेवली होती आणि मुलांच्या कलेवरच्या आपल्या पुस्तकातला विचार त्यांनी त्या वर्गातूनच उभा केला.