जिल्हा कौन्सिलांतील पंजाबराव

डॉ. पंजाबराव देशमुख यांचें नांव निघालें कीं वाचकांस दिल्लीचें कृषिमंत्रिपद आठवतें. तें साहजिकच आहे; 1952 पासून 1962 पर्यंत तें खातें त्यांच्याकडे होतें. परंतु आम्हांस असें वाटतें कीं, या पुरुषाची खरी परीक्षा त्यापूर्वीं दोन तपें, अमरावतीच्या जिल्हा कौन्सिलांत झाली, आणि चरित्रकार मात्र तो भाग एकदोन ओळींत उरकून पुढें जातात.

त्या काळचें वऱ्हाड हा मोठा विचित्र प्रांत होता. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. 1902 च्या करारानें तो कायमच्या पट्ट्यानें इंग्रजांकडे आला व पुढच्या वर्षीं मध्यप्रांतास जोडला गेला. परतवाड्याच्या लोकांस तर आणखी एक फेरबदल सोसावा लागला. त्यांचा एलिचपूर जिल्हा 1905 सालीं मोडून अमरावतींत घातला गेला, आणि मेळघाटाच्या पायथ्याच्या खेड्यांचें गाऱ्हाणें तेव्हांपासून अमरावतीस जाऊं लागलें. शहरांस नगरपालिका होत्या. खेड्यांची शाळा, सडक आणि विहीर जिल्हा कौन्सिलाकडे. मतदानाचा हक्क मालमत्तेवर व शेतसाऱ्यावर अवलंबून असल्यामुळें, ज्यांस विहिरीवर पाऊल ठेवण्याची बंदी होती त्यांतील बहुतेकांस मतही नव्हतें.

अमरावतीचें सार्वजनिक जीवन तोंपर्यंत वकिलांच्या हातीं होतें. दादासाहेब खापर्डे, रंगनाथपंत मुधोळकर, मोरोपंत जोशी हीं नांवें सर्वांस परिचित आहेत. पंजाबरावही बॅरिस्टरच, पण त्यांचा जन्म 27 डिसेंबर 1898 रोजीं पापळ या खेड्यांत, शेतकरी कुळांत झाला. घरची स्थिति बेताची असतां ते 1920 सालीं विलायतेस गेले, वैदिक वाङ्मयांतील धर्माच्या उगमावर प्रबंध लिहून त्यांनीं डॉक्टरेट मिळविली आणि 1926 सालीं परत आले. पुढच्याच वर्षीं त्यांनीं आंतरजातीय विवाह केला. त्याच 1927 च्या नोव्हेंबरांत डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालीं अमरावतीस परिषद भरली. प्रश्न अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा होता, आणि पंजाबराव प्रवेश मागणारांच्या बाजूस उभे होते. अशा मनुष्यास निवडणुकींत मतें मिळतील असें कोणा व्यवहारी गृहस्थानें सांगितलें नसतें. परंतु त्यांनीं शेतकरी संघ उभा केला होता. शेतसारा भरणारा कुणबी प्रथमच आपल्यांतील शिकलेला माणूस पाहत होता. 1928 सालीं ते जिल्हा कौन्सिलाचे अध्यक्ष झाले.

अध्यक्ष होतांच त्यांनीं हातीं घेतलेल्या कामांत दोन मुख्य होतीं, आणि दोन्हीं स्वतःच्याच मतदारांस रुचणारीं नव्हतीं. पहिलें, सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांस खुल्या करणें. ज्यानें वऱ्हाडची पूर्णाकांठची खारपाणपट्टी पाहिली आहे त्यास यांतील मर्म सांगावें लागणार नाहीं. दर्यापुराकडील कित्येक गांवीं विहिरीचें पाणी खारट, गोड्या पाण्याची विहीर एखादीच. ती ज्यास बंद, त्याच्या बायकोच्या डोक्यावरील घागर किती कोसांची वाट चालते याचा हिशेब कोणी ठेवीत नसे. ठराव करणें सोपें आहे, हेंही खरें. मुंबईच्या कायदेमंडळांत बोले यांचा ठराव 1923 सालीं संमत झाला, महाडच्या नगरपालिकेनें तळें खुलें केल्याचें जाहीर केलें, आणि तरीही 1927 सालीं तेथें पाण्यास स्पर्श करणारांनीं मार खाल्ला. पुढें त्या नगरपालिकेनें आपला ठरावही मागें घेतला. हें सर्व ताजें असतां पंजाबरावांनीं तोच विषय हातीं घेतला.

दुसरें काम सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें. 1920 च्या कायद्यानें स्थानिक संस्थांस तो अधिकार दिला होता, पण अधिकाराबरोबर पैसा दिला नव्हता. पंजाबरावांनीं शिक्षणाकरितां कर वाढविला. शेतकऱ्यांचा कैवारी म्हणून निवडून आलेल्यानें शेतकऱ्यावरच कर बसवावा, हा आक्षेप आम्हांस पोकळ वाटत नाहीं. कापसाच्या वेचणींत पोराचे हात हीच गरीब घराची मिळकत. म्हणजे कर एकदां पैशांत आणि पुन्हां मजुरींत द्यावयाचा. त्यांत लवकरच जागतिक मंदी येऊन कापसाचे भाव कोसळले. तरी आमचें मत पंजाबरावांच्या बाजूचें आहे. सावकाराच्या कागदावर काय लिहिलें आहे हें ज्यास वाचतां येत नाहीं त्यास करांत सूट देऊन वांचलेला पैसा शेवटीं त्याच सावकाराच्या घरीं जातो.

1930 सालीं ते प्रांतिक कायदेमंडळांत निवडून गेले. (वऱ्हाड कायद्यानें इंग्रजी मुलूख नसल्यामुळें तेथील प्रतिनिधि लोकांनीं निवडावे व मग सरकारनें ‘नेमावे’, अशी मौज तेव्हां होती.) मंत्री म्हणून शिक्षणखातें त्यांच्याकडे आलें, आणि कर्जबाजारी शेतकऱ्यांकरितां लवादाचा कायदा 1933 सालीं झाला, त्यांतही त्यांचा हात होता. त्याच वर्षीं त्यांनीं मंत्रिपद सोडलें. तत्पूर्वीं 1932 सालीं अमरावतीस शिवाजी शिक्षण संस्था स्थापन झाली होती. श्रद्धानंद छात्रालयांत तर सर्व जातींचीं मुलें आधींपासूनच एकत्र राहत व जेवत होतीं. ठरावानें विहिरीवर जें लवकर घडेना तें तेथल्या पंक्तींत रोज घडत होतें.

पंजाबराव 10 एप्रिल 1965 रोजीं वारले. त्यापूर्वीं तीन वर्षें, 1962 सालीं, महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा आल्या, आणि खेड्यांच्या शाळा व विहिरी त्यांच्या स्वाधीन झाल्या.