शिसपेन्सिलीतला एक पापुद्रा

शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं, हे शाळेत कळलं तेव्हा फसवल्यासारखं वाटलं होतं. आता टचस्क्रीनसाठी अ‍ॅप लिहिताना तेच ग्राफाइट वेगळ्या कारणाने आठवतं. बोटाखालच्या काचेवर वीज वाहून नेणारा एक थर असतो आणि तो दिसत नाही. हे दोन गुण सहसा एकत्र नांदत नाहीत. अभ्रकाचा पापुद्रा पारदर्शक, कारण त्यातले इलेक्ट्रॉन जखडलेले. दृश्य प्रकाशाला ते हलवता येत नाहीत, म्हणून तो आरपार जातो. पण मग वीजही वाहत नाही. धातूत मोकळे इलेक्ट्रॉन भरपूर, आणि तेच प्रकाश परतवून लावतात.

ग्राफाइटही पापुद्र्यांचंच. १९२४ साली जे. डी. बर्नाल यांनी क्ष-किरणांनी त्याची रचना तपासली. कार्बन अणूंच्या सपाट षट्कोनी जाळ्या एकावर एक; जाळीत शेजारच्या अणूंमधलं अंतर ०.१४२ नॅनोमीटर, दोन जाळ्यांमधलं ०.३३५. प्रत्येक अणूचे तीन इलेक्ट्रॉन शेजाऱ्यांशी बंध जुळवण्यात गुंततात, चौथा जाळीभर भटकतो. वरच्या मजल्यावर मात्र तो सहजी जात नाही. कोलकात्यात के. एस. कृष्णन (रामन परिणामाच्या शोधातले रामन यांचे सहकारी) आणि एन. गांगुली यांनी १९३९ मध्ये हा फरक मांडला: पापुद्र्याच्या दिशेने वीज सहज वाहते, पापुद्रे छेदून जाताना अडखळते. ग्राफीनवरच्या लोकप्रिय लेखांत मला ही नावं भेटली नाहीत, याची चुटपुट आहे.

१९४७ साली पी. आर. वॉलेस यांनी ग्राफाइटचं पुंजगणित मांडलं. अख्ख्या ग्राफाइटचं गणित किचकट, म्हणून आधी एकाच जाळीचं केलं. आम्ही टेस्टिंगसाठी खोटा डेटा घेतो, तशीच ही सोय. उत्तर विलक्षण होतं: इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या ऊर्जापातळ्या आणि रिकाम्या पातळ्या यांच्यात फट नाही, पण त्या एकमेकींत घुसलेल्याही नाहीत, मोजक्या बिंदूंवर नुसत्या टेकतात.

कागदावरचा तो पापुद्रा मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कोन्स्टान्टिन नोवोसेलोव यांच्या गटाने २००४ मध्ये हाती घेतला. चिकटपट्टीने ग्राफाइट सोलत गेले. खरी पंचाईत पुढे: एक अणू जाडीचा, जवळजवळ पारदर्शक तुकडा शोधायचा कसा? सिलिकॉनवर सुमारे ३०० नॅनोमीटर ऑक्साइडचा थर असेल, तर वर पडलेल्या तुकड्यामुळे रंगात किंचित फरक पडतो आणि तो साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. दुसऱ्याच जाडीच्या ऑक्साइडवर तो नजरेतून निसटला असता. २०१० चं नोबेल या कामाला मिळालं.

२००८ मध्ये राहुल नायर आणि मँचेस्टरमधल्या सहकाऱ्यांनी प्रकाश मोजला. एक थर सुमारे २.३ टक्के शोषतो, दृश्य प्रकाशाचा रंग कुठलाही असो. हा आकडा म्हणजे पाय भागिले १३७. कार्बनचं त्यात काहीच नाही, ती त्या टेकलेल्या पातळ्यांची किमया. म्हणूनच ‘ग्राफीन पारदर्शक आहे’ हे मला अर्धसत्य वाटतं. एका अणूच्या जाडीला २.३ टक्के म्हणजे खादाडपणाच. तेच प्रमाण धरलं तर तीस थरांत, जेमतेम दहा नॅनोमीटरमध्ये, निम्मा प्रकाश संपतो. पेन्सिलीची रेघ काळी दिसते ती यामुळेच.

२०१० मध्ये कोरियातल्या गटाने तांब्याच्या पत्र्यावर वाढवलेला ३० इंची ग्राफीनचा पडदा दाखवला. फोनच्या पडद्यांवर मात्र अजूनही मुख्यतः इंडियम टिन ऑक्साइडच आहे.