थेस्सलनीकाकरांचा शोक आणि आशा : चार ग्रीक शब्दांच्या आधारे एक विचार

पौलाचे थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र हे उपलब्ध ख्रिस्ती लिखाणांपैकी बहुधा सर्वांत जुने होय. करिंथ येथे असता पौलास रोमन अधिकारी गल्लियो याच्यासमोर उभे करण्यात आले, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ हा ग्रंथ सांगतो. डेल्फी येथील शिलालेखावरून गल्लियोचा कार्यकाल इ. स. ५१-५२ च्या सुमारास पडतो. त्यावरून हे पत्र इ. स. ५०-५१ मध्ये करिंथहून लिहिले गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

थेस्सलनीका ही रोमन मासेदोनिया प्रांताची राजधानी. तेथील नवख्रिस्ती बहुसंख्येने मूर्तिपूजा सोडून आलेले होते. त्या काळी देवपूजा आणि नागरी जीवन एकत्र गुंफलेले असल्याने धर्मत्याग म्हणजे स्वजनांशी फारकतच होती. विरोध लवकरच सुरू झाला. पौलास शहर सोडावे लागले आणि त्याने अथेन्सहून तीमथ्याला त्यांच्या समाचारास पाठविले. तीमथ्य परतला तो त्यांच्या निष्ठेचे वर्तमान घेऊन. परंतु पत्राच्या चौथ्या अध्यायावरून दिसते की, त्यांच्यापुढे एक बिकट प्रश्नही उभा होता. प्रभूच्या आगमनापूर्वीच काही बांधव मरण पावले होते. त्यांचे काय होणार?

येथे एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. छळ होईल, हे पौलाने त्यांना आधीच सांगून ठेवले होते. त्यामुळे छळाने त्यांची श्रद्धा डळमळली नाही. मृत्यू मात्र त्यांच्या अपेक्षेत बसत नव्हता. अंतकाळ समीप आहे, या विश्वासानेच हा शोक अधिक तीव्र केला.

छळासाठी पौल ‘थ्लिप्सिस’ हा शब्द योजतो. त्याच्या मुळाशी दाबणे, चेपणे हा अर्थ आहे. त्याचा प्रतिशब्द म्हणून ‘हुपोमोने’ येतो : ‘हुपो’ म्हणजे खाली आणि ‘मेनेइन’ म्हणजे राहणे. जुन्या ग्रीकमध्ये या क्रियापदाने शत्रूपुढे जागा न सोडणाऱ्या योद्ध्याचे वर्णन होते. म्हणजे येथे मुकाट सोसणे अभिप्रेत नसून भाराखाली पाय रोवून उभे राहणे अभिप्रेत आहे. आणि पौल या गुणाचा संबंध थेट आशेशी जोडतो.

‘पारूसिया’ या तिसऱ्या शब्दाचा मूळ अर्थ उपस्थिती असा आहे. राजाच्या वा अधिकाऱ्याच्या नगरभेटीसही हाच शब्द वापरीत, हे डाइसमान याने १९०८ साली पपायरस आणि शिलालेख यांच्या साहाय्याने दाखविले. अशा आगमनप्रसंगी नागरिक वेशीबाहेर सामोरे जात. पौलाचे उत्तर असे की, या स्वागतात मृत मागे राहणार नाहीत. ते आधी उठतील.

या मृतांना तो ‘झोपलेले’ म्हणतो. ही कल्पना नवी नव्हे. होमरनेही निद्रा आणि मृत्यू यांना जुळी भावंडे मानले आहे. तथापि होमरच्या निद्रेला जाग नाही. पौलाच्या निद्रेत ती गृहीत आहे. म्हणूनच तो शोकाला मनाई करीत नाही, आशाहीन शोकाला करतो.

त्याने आगमनाची तिथी मात्र दिली नाही. उलट शांतपणे राहावे, आपल्या हातांनी काम करावे आणि एकमेकांना धीर द्यावा, असा उपदेश केला. दुसऱ्या पत्रात, त्याच्या कर्तृत्वाविषयी मतभेद असले तरी, प्रभूचा दिवस येऊन ठेपल्याच्या वार्तेने घाबरू नये असे बजाविले आहे, आणि काम न करता राहणाऱ्यांची कानउघाडणीही केली आहे. श्रद्धा टिकविणे म्हणजे काळाचे गणित सोडविणे नव्हे, ही भूमिका दोन्ही पत्रांत समान आहे.

‘कोइमेतेरिओन’ हा ग्रीक शब्द पूर्वी शयनगृहासाठी होता. ख्रिस्ती समाजाने तो दफनभूमीस लावला आणि लॅटिनमार्गे तो युरोपच्या अनेक भाषांत गेला. इंग्रजीतील ‘सेमेटरी’ हा त्याचाच वंशज होय. थेस्सलनीकाकरांच्या प्रश्नाला मिळालेले उत्तर अशा रीतीने भाषेत स्थिरावले आहे.