टॉलपडलचे सहा मजूर

इंग्लंडच्या दक्षिणेस डॉर्सेट परगण्यात टॉलपडल नावाचे खेडे आहे. नकाशावर ते शोधून काढावे लागते. पण मजूर चळवळीच्या इतिहासात त्याचे नाव टाळून पुढे जाता येत नाही. इ. स. १८३४ साली या गावच्या सहा शेतमजुरांना सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. संघटनेच्या व्यासपीठावरून ही हकीकत पुष्कळदा सांगितली जाते. परंतु त्या सहांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस हा मेथडिस्ट पंथाचा उपदेशक होता, हे ओझरते सांगून वक्ते पुढे सरकतात. आम्ही त्या धर्माचे नव्हे. तरीही सगळी मेख तेथेच आहे असे आम्हांस वाटते.

उपदेशक म्हणजे पगारी पाद्री नव्हे. आठवडाभर दुसऱ्याच्या शेतात राबावयाचे आणि रविवारी प्रार्थनामंदिरात बोलावयाचे. मजुरीतून पै पै वाचवून या माणसाने धर्मग्रंथांचा लहानसा संग्रह केला होता. पाळी संपल्यावर वाचनालयात बसून जे शिकले, त्यांना त्या संग्रहाची किंमत निराळी सांगावयास नको.

आता दुखावण्याचे कारण पाहा. इतर गावांइतकी मजुरी देऊ, असे शेतमालकांनी कबूल केले होते. त्या बोलीला साक्षी होते गावच्या चर्चचे धर्मगुरू वॉरन. पुढे आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून आठ झाली, आठाची सात झाली, आणि सहा करण्याची धमकी आली. मजुरांनी साक्षीदाराकडे धाव घेतली, तेव्हा धर्मगुरूंनी साफ कानांवर हात ठेवले. पोटावर पाय आला तो मालकाचा. विश्वासाचा गळा कापला तो ज्याने ख्रिस्ताचे नाव घेऊन गावाला उपदेश करावा त्याने!

अशा वेळी राग कोठे जातो? तीनचार वर्षांपूर्वीचेच उदाहरण डोळ्यांपुढे होते. १८३० साली केंटपासून दक्षिणेकडील कितीतरी परगण्यांत मजुरांनी मळणीयंत्रे फोडली, गंज्या पेटविल्या. सरकारने १९ जणांना फाशी दिले, सुमारे ५०० जणांना हद्दपार केले. त्या मजुरांना आम्ही दोष देत नाही. उपाशी माणसाला शांततेचे पाठ देणे फार स्वस्त असते. पण दरवाजासभेत एक दगड भिरकावला गेला की मालकाचे निम्मे काम फत्ते होते, हे संघटनेत वावरलेल्यास ठाऊक असते.

लव्हलेसने राग गिळला नाही आणि गंजीही पेटविली नाही. त्याने १८३३ साली शेतमजुरांची संघटना काढली. तिच्या नियमांत स्पष्ट लिहिले होते की हिंसेच्या कृत्याने संघटनेचा हेतू कधीच साधणार नाही, उलट संघटनाच नष्ट होईल. रविवारी जे सांगावयाचे तेच त्याने सोमवारी नियमावलीत घातले, असे आम्ही समजतो. सभासद होताना मजुराचे डोळे बांधीत, मग सांगाड्याचे चित्र दाखवीत, बायबलापुढे शपथ देत. जरा नाटकीच प्रकार. पण त्यानेच घात केला. संघटना बेकायदा नव्हती, १८२४ सालीच ती बंदी उठली होती. तेव्हा नाविकांच्या बंडासाठी १७९७ साली केलेला बेकायदा शपथांचा कायदा शोधून काढून मजुरांवर लावला!

२४ फेब्रुवारी १८३४ रोजी अटक झाली, मार्चमध्ये डॉर्चेस्टरला शिक्षा. लव्हलेसने न्यायाधीशास लेखी कळविले की आम्ही कोणाच्या अब्रूला, जिवाला वा मालमत्तेला धक्का लाविला नाही. बायकामुलांना उपासमारीतून वाचविण्यासाठी एकत्र आलो. सहांपैकी जेम्स हॅमेट हा त्या शपथविधीस हजरच नव्हता, त्याचा भाऊ होता, असे सांगतात. पण तो बोलला नाही. भावाची शिक्षा त्याने भोगली. मागे राहिलेल्या बायकामुलांना गावची गरीबमदत नाकारण्यात आली. संघटनेच्या वर्गणीला पैसे होते ना, हा त्यावर न्याय!

२१ एप्रिलला लंडनमध्ये मजुरांचा प्रचंड मोर्चा निघाला, लक्षावधी सह्यांचा अर्ज गेला. मार्च १८३६ मध्ये माफी मिळाली. टास्मानियातून लव्हलेस जून १८३७ मध्ये परतला, आणि त्याच वर्षी त्याने सरकारवर उघड ठपका ठेवणारे पुस्तक छापले. क्षमा करणे म्हणजे हिशेब बुडविणे, असा अर्थ त्याने कधी केला नाही. सूड त्याने सोडला. मागणी सोडली नाही. सोशिकपणाचा जो उपदेश वरून खाली केला जातो, त्याच्याशी या श्रद्धेचे नाते फारसे नाही.

पुढे १८४४ साली लव्हलेस कॅनडात गेला. हॅमेट मात्र टॉलपडललाच राहिला आणि १८९१ साली डॉर्चेस्टरच्या गरीबगृहात वारला. वॉरन जेथे धर्मगुरू होते त्याच चर्चच्या आवारात त्याला पुरले. थडग्यावर नाव कोरलेला दगड बसला तो १९३४ साली, कामगार संघटनांच्या खर्चाने.