तारीख कुणासाठी लिहायची?

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, सर आता म्हातारपणी कारकुनीकडे वळले. संगणकात फाइलींची यादी उघडली की नावासमोर तारीख, वेळ आणि आकार दिसतो. ते कसं लिहिलेलं असावं, एवढाच प्रश्न आहे. पण बघा, या प्रश्नाच्या मागे आपल्याकडचा निदान साडेतीनशे वर्षांचा इतिहास उभा आहे.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. माझ्या गुरुजींच्या व्याख्यानांच्या जुन्या कॅसेटी होत्या. त्या मी संगणकावर उतरवून घेतल्या. कॅसेटीवर माझ्याच अक्षरात जे होतं, तेच फाइलीला नाव दिलं. एका कॅसेटीवर होतं ०८-०६-८४. आता ही ८ जून की ६ ऑगस्ट? तेव्हा मी काही परदेशी मासिकं वाचायचो आणि अमेरिकन पद्धतीनं महिना आधी लिहायची हौस मला मधूनमधून येत असे. यादीतली तारीख बघावी, तर सगळ्या फाइलींसमोर एकच दिवस. म्हणजे मी त्या नव्या डिस्कवर उतरवल्या तो दिवस! व्याख्यान कधी झालं हे संगणकाला कसं कळणार? त्याला फक्त फाइल कधी लिहिली गेली तेवढंच ठाऊक.

शेवटी पूर्ण टेप ऐकली. मध्येच गुरुजी म्हणतात, ‘कालच मिरग निघाला, आता पेरण्यांची घाई.’ मृग नक्षत्र लागतं जूनच्या सात-आठ तारखेला. सुटला प्रश्न. पण तो मृगाने सोडवला, माझ्या तारखेने नव्हे.

मृगावरून आठवण झाली शुहूर सनाची. मोडी कागद वाचणाऱ्यांना तो परिचयाचा आहे. हा सन मृगापासूनच सुरू होतो, म्हणून त्याला मृगसाल असंही म्हणतात. शेतीचा आणि वसुलीचा हिशेब ठेवायला हे सोयीचं. पण वर्ष लिहायचं ते अरबी शब्दांत, आणि एकक आधी. खमस म्हणजे पाच, सबैन म्हणजे सत्तर, अलफ म्हणजे हजार. ‘खमस सबैन अलफ’ झालं १०७५. त्यात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळवले की इसवी सन मिळतो. शब्दांत लिहिल्यामुळे आकडा खोडून बदलणं अवघड, हा मोठा फायदा. तोटा कुठे? असे कागद पहिल्या शब्दावरून लावले, तर सगळे ‘खमस’ एका गठ्ठ्यात येतील. १०७५ शेजारी १०८५, त्याशेजारी १०९५. मधली वर्षं भलतीकडेच.

आपण दिवस-महिना-वर्ष असं फाइलीचं नाव ठेवतो तेव्हा नेमकं हेच होतं. संगणक नावं डावीकडून वाचत जातो. मग १ जानेवारी, १ फेब्रुवारी, १ मार्च असे सगळ्या महिन्यांचे पहिले दिवस एकत्र, आणि वर्षांची खिचडी.

आता एक दिवस घेऊ. शिवराज्याभिषेक. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. शुहूर सन १०७५, हिजरी १०८५, आणि राज्याभिषेक शक १. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्सेंडन रायगडावर हजर होता. त्याच्या हिशेबात तो दिवस ६ जून १६७४. पण गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या कॅलेंडरात तोच दिवस १६ जून होता. पोर्तुगालने ग्रेगरी पोपचं नवं कॅलेंडर १५८२मध्येच घेतलं होतं, इंग्रज १७५२पर्यंत जुन्या ज्युलियनलाच धरून बसले. त्या वर्षी त्यांनी २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर मोजला. म्हणजे मुंबईच्या आणि गोव्याच्या कागदांत एकाच घटनेला दहा दिवसांचं अंतर दिसतं, आणि दोघंही खरं सांगत असतात. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखसुद्धा ज्युलियनच आहे. ग्रेगरियनने ती १ मार्च होते.

माझा विषय तत्त्वज्ञान. आमच्याकडे वस्तू आणि वस्तूचं नाव यांत गल्लत करू नये, हे पहिल्या वर्षीच शिकवतात. दिवस एकच आहे, नावं अनेक आहेत. मग या नावांचा मेळ घालायचा कसा? एक उपाय म्हणजे जंत्री. आपल्या कोल्हापुरात राजाराम कॉलेजात विज्ञान शिकवणारे बाळाजी प्रभाकर मोडक यांनी १७२८ ते १८८९ या काळाची जंत्री तयार केली. हाताने, एकेक दिवस जुळवून! इतिहासाच्या अभ्यासकांचे किती कष्ट वाचले असतील याचा विचार करा.

दुसरा उपाय त्याहून जुना. ज्योतिषगणितात अहर्गण असतो. एक आरंभदिवस ठरवायचा आणि तिथून नुसते दिवस मोजत जायचे. ना महिना, ना तिथी. फक्त एक संख्या. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२च्या ‘ग्रहलाघवा’त ही संख्या फुगू नये म्हणून ४०१६ दिवसांची, म्हणजे सुमारे अकरा वर्षांची, चक्रं केली.

गंमत अशी की संगणकही पोटात हेच करतो. युनिक्स पद्धतीचे संगणक १ जानेवारी १९७०च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून सेकंद मोजतात. जुन्या यंत्रांत ही संख्या ठेवायला ३२ बिटांचीच जागा होती. ती १९ जानेवारी २०३८ला भरते. म्हणजे फुगणाऱ्या संख्येची अडचण यांनाही चुकली नाही. तर यादीत दिसणारी तारीख ही मूळ नोंद नव्हे, ते त्या संख्येचं भाषांतर आहे. आपल्यासाठी त्यात साडेपाच तास मिळवलेले असतात. भाषांतर कोणत्याही रूपात करता येतं. म्हणून पडद्यावर तुम्हाला रुचेल ती मांडणी ठेवा, माझी हरकत नाही.

हरकत कुठे आहे, ते सांगतो. मराठी पत्रव्यवहारात कित्येक पत्रांवर चंद्र आणि महिना असतो, वर्षच नसतं. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला साल ठाऊक होतं, मग लिहायचं कशाला? त्यांची चूक नव्हती. पण राजवाड्यांपासून पुढे अनेकांना त्या पत्रांची सालं ठरवताना घाम फुटला. आणि युनिक्समधली ‘एलएस’ ही यादी दाखवणारी आज्ञा बघा. फाइल सहा महिन्यांच्या आतली असेल तर महिना, दिवस आणि वेळ दाखवते, वर्ष गाळते. जुनी असेल तर वर्ष दाखवते, वेळ गाळते. ‘वर्ष तुम्हाला माहीतच आहे’ हा तोच विश्वास! आज ठीक आहे. पण ती यादी कागदावर छापून कपाटात ठेवली, की दहा वर्षांनी तिचं मोडी पत्र झालं म्हणून समजा.

यावर १९८८मध्ये एक आंतरराष्ट्रीय प्रमाण आलं, आयएसओ ८६०१. वर्ष चार आकडी, मग महिना, मग दिवस, मग चोवीस तासांची वेळ. १९८४-०६-०८. मोठ्याकडून लहानाकडे. नावाच्या क्रमाने लावा, काळाचा क्रम आपोआप लागतो. आपण संख्या लिहितो तीही अशीच, हजार आधी, एकक शेवटी. शून्य मात्र गाळू नका. ‘व्याख्यान २’ असं नाव ठेवलंत तर साध्या क्रमवारीत ‘व्याख्यान १०’ त्याच्या आधी येऊन बसतं. ‘०२’ लिहा. आणि एकाच संग्रहात देवनागरी आणि इंग्रजी आकडे मिसळू नका. संगणकाच्या लेखी ती वेगळी अक्षरं आहेत.

आकाराच्या रकान्यातही असंच आहे. आपण १२,३४,५६७ लिहितो, इंग्रज १,२३४,५६७ लिहितो, जर्मन स्वल्पविरामाच्या जागी टिंब देतो. माणसाला वाचायला खुणा हव्यातच. पण ती यादी दुसऱ्या प्रोग्रामला द्यायची असेल तर नुसते आकडे द्या. खतावणीतल्यासारखे उजवीकडे सरळ रेषेत लावले, की लहानमोठं डोळ्यांनाच कळतं.

प्रत्येकाच्या घरी आज एक दप्तरखाना आहे. फोनमध्ये. आजीचा आवाज, जमिनीचे कागद, लग्नाचे फोटो. एक फोन बदलला की तारखा विस्कटतात. तेव्हा मोलाच्या फाइलीची तारीख तिच्या नावातच लिहा, वर्ष आधी. नक्की ठाऊक नसेल तर फक्त वर्ष लिहा. अंदाजाचा महिना घालू नका, पुढचा माणूस तो खरा धरेल.

तारीख आपण स्वतःसाठी लिहीतच नाही, आपल्याला ती आठवत असते. ज्याला आठवणार नाही, त्याच्यासाठी लिहायची. गुरुजींच्या त्या फाइलीचं नाव मी आता बदललंय. उरलेल्यांपैकी नऊ टेपा अजून ऐकायच्या आहेत. प्रत्येकीत मिरग निघालेला असेलच असं नाही.