ख्रिस्ती प्रेमकथा आणि रहस्यकथा वाचायच्यात? सुरुवात मराठीतूनच करा

अमेरिकेतल्या पुस्तकांच्या दुकानात 'ख्रिश्चन फिक्शन'चं वेगळं कपाट असतं. त्यात प्रेमकथा असतात, खुनाच्या रहस्यकथाही असतात. शिवीगाळ सहसा नसते, बेडरूमचे प्रसंग नसतात, आणि पात्राचा देवाशी चाललेला झगडा कथेच्या मध्यभागी असतो. मराठी दुकानांत असं कपाट नाही. त्यात गाव परळी वैजनाथ, म्हणजे ओळखच ज्योतिर्लिंगाची. इथे एखाद्या मित्राने "अशी एखादी कादंबरी सुचव ना" म्हटलं, तर काय सांगणार?

आता गंमत बघा. ज्या अहिल्यानगर–बीड–परळी रेल्वेची परळीकरांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली, तिच्या दुसऱ्या टोकाचं शहर म्हणजे जुनं अहमदनगर. मराठी ख्रिस्ती साहित्याचं ते माहेरघर. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये तिथेच सुरू झालं.

प्रेमकथा हवी असेल तर

पहिलं नाव बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन'चं. साल १८५७. बहुतेक अभ्यासक हिला मराठीतली पहिली कादंबरी मानतात. स्पर्धा परीक्षेवाल्यांना नाव आणि साल तोंडपाठ असतं, पण पुस्तक उघडलेलं नसतं. यमुना आणि विनायक हे शिकलेलं, एकमेकांवर जीव असलेलं जोडपं प्रवासाला निघतं. वाटेत विधवांच्या एकेक कहाण्या त्यांच्यासमोर येतात, आणि पुढे ती वेळ यमुनेवरच येते. शेवट सांगत नाही. विधवा पुनर्विवाहाचा कायदा आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये झाला होता, एवढं लक्षात ठेवून वाचा.

एक गोष्ट मात्र लपवू नका. पदमनजी स्वतः १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले होते आणि कादंबरीत धर्माचा प्रचार उघड आहे. काही पानं सरळ प्रवचनासारखी वाटतात. पुस्तक सुचवताना हे आधीच सांगितलं, की वाचणाऱ्याला फसवल्यासारखं वाटत नाही. आणि प्रचार आहे म्हणून पुस्तक बाजूला ठेवलं, तर केशवपनाच्या भीतीत जगणाऱ्या त्या बायकाही बाजूला पडतात.

त्याहून सरस प्रेमकथा कादंबरी नाहीच, आत्मचरित्र आहे: लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. पती नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंनी नाही. नवरा एका धर्मात, बायको दुसऱ्या, मधे नातेवाइकांचा पहारा, आणि दोघांचा जीव एकमेकांत अडकलेला. ही ताटातूट काही वर्षं चालली. हे सगळं बाई हसत हसत सांगतात, स्वतःची खिल्ली उडवत. माझं मत विचाराल, तर यादीतलं एकच पुस्तक वाचायचं असेल तर हे वाचा.

इंग्रजी चालत असेल तर अहमदनगरच्याच ख्रिस्ती घरात १८६२ मध्ये जन्मलेल्या कृपाबाई सत्यनाथन यांची 'सगुणा' आहे. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलीची ही गोष्ट बरीचशी लेखिकेची स्वतःचीच आहे.

अमेरिकन कपाटातलं हवं असेल, तर जेनेट ओक यांची 'लव्ह कम्स सॉफ्टली' (१९७९). इथेही नायिका तरुण विधवा. परक्या मुलखात ती एका विधुराशी निव्वळ सोयीचं लग्न करते, आणि प्रेम नंतर सावकाश येतं. भाषा सोपी आहे. फ्रान्सिन रिव्हर्स यांची 'रिडीमिंग लव्ह' (१९९१) जास्त गाजली. बायबलमधल्या होशेयच्या कथेवर ती बेतलेली आहे. पण नायिका लहानपणीच देहविक्रयात ढकललेली, अत्याचाराचे प्रसंग जड आहेत. 'ख्रिश्चन आहे म्हणजे सोज्वळ असेल' असं समजून शाळकरी मुलीच्या हातात देऊ नका.

रहस्यकथा

चेस्टरटन यांचा फादर ब्राऊन हा बुटका, छत्री विसरणारा पाद्री. पहिला कथासंग्रह १९११चा. वर्षानुवर्षे लोकांचे पापांचे कबुलीजबाब ऐकल्यामुळे त्याला गुन्हेगाराचं मन कळतं. छोट्या कथा आहेत, परळीहून निघालेल्या गाडीत दोन तरी संपतील.

रहस्य आणि प्रेम एकत्र हवं असेल, तर एलिस पीटर्स यांचा ब्रदर कॅडफेल. बाराव्या शतकातला मठ, औषधी झाडांचा बगीचा सांभाळणारा माजी सैनिक, खून, आणि बहुतेक प्रत्येक कादंबरीत अडचणीत सापडलेलं एखादं प्रेमी जोडपं. १९७७ ते १९९४ या काळात वीस कादंबऱ्या आल्या. उंबेर्तो इकोची 'द नेम ऑफ द रोज' पण मठातलीच, मात्र तिने सुरुवात करू नका, दमाल.

पीडीएफचं काय?

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. पदमनजी (मृत्यू १९०६), लक्ष्मीबाई (१९३६), कृपाबाई (१८९४) आणि चेस्टरटन (१९३६) यांची मूळ पुस्तकं त्यामुळे मोकळी आहेत, ग्रुपवर बिनधास्त पाठवा. ओक, रिव्हर्स, पीटर्स यांच्या टेलिग्रामवर फिरणाऱ्या फाइल मात्र चोरीच्या. त्या विकत घ्या, नाहीतर वाचनालयात मागणी नोंदवा.