मंगळवारची सभा

शास्त्राचा इतिहास म्हणून जें लिहिलें जातें, तें बहुधा शोधांचें टिपण असतें. अमुक सालीं अमक्यानें अमुक नियम शोधून काढला, एवढें सांगून इतिहासकार पुढें जातो. परंतु तो नियम जगापुढें मांडण्यापूर्वीं कोणाजवळ बोलून दाखविला गेला, त्यावर पहिली शंका कोणीं काढली, आणि ती काढण्याचें धैर्य एखाद्या नवशिक्या विद्यार्थ्यास कसें झालें, या गोष्टी सहसा नोंदल्या जात नाहींत. म्हणून केंब्रिज विद्यापीठांतील एका लहानशा मंडळाची हकीकत वाचकांस सांगावी, असें आम्हीं योजिलें आहे.

केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेंत पदार्थविज्ञानाचें एक मंडळ पूर्वींपासून होतेंच. प्रो. जे. जे. थॉमसन यांनीं तें १८९३ सालीं स्थापिलें. दर पंधरवड्यास सभा भरे, चहापान होई आणि नव्या संशोधनाची चर्चा चाले. मंडळ उत्तम होतें. परंतु जेथें प्रयोगशाळेचे प्रमुख आणि मोठमोठे विद्वान समोर बसलेले, तेथें विद्यार्थी तोंड उघडण्यास कचरतो, हा मनुष्यस्वभावच आहे.

१९२१ सालीं पीटर कापिट्झा नांवाचे सत्तावीस वर्षांचे एक रशियन गृहस्थ या प्रयोगशाळेंत दाखल झाले. त्यापूर्वीं थोड्याच काळांत वडील, पत्नी आणि दोन अपत्यें यांचा वियोग त्यांच्या नशिबीं आला होता. अशा स्थितींत परक्या देशांत आलेला मनुष्य एकलकोंडा व्हावयाचा. कापिट्झा यांनीं उलट माणसें जमविलीं. इंग्रज विद्यार्थी निमूटपणें ऐकतात, पण आपलें अज्ञान उघडें पडेल या भीतीनें विचारीत नाहींत, हें त्यांच्या ध्यानांत आलें. म्हणून ऑक्टोबर १९२२ मध्यें त्यांनीं तरुण संशोधकांची निराळी बैठक सुरू केली. तिलाच पुढें ‘कापिट्झा क्लब’ हें नांव पडलें.

मंगळवारीं रात्रीं जेवणें आटोपलीं म्हणजे मंडळी ट्रिनिटी कॉलेजांतील एका खोलींत जमत. वक्त्यासाठीं एक फळा असे. वक्त्यास कोणीही, कोणत्याही क्षणीं, मध्येंच थांबवावें, ही तेथील रीत होती. प्रत्येक सभासदानें आपली पाळी येतांच बोललें पाहिजे, आणि वारंवार गैरहजर राहील त्याचें सभासदत्व जाईल, असाही दंडक होता. स्वतः कापिट्झा तर आरंभीं मुद्दाम ढोबळ चुका करीत. हेतु हा, कीं सर्वांत लहान सभासदालाही त्या दुरुस्त करण्यास संकोच वाटूं नये. शिक्षकीचा हा केवढा मोठा धडा आहे!

या खोलींत काय काय बोललें गेलें, त्याचीं दोनच उदाहरणें देतों. २८ जुलै १९२५ रोजीं तेवीस वर्षांचे हायझेनबर्ग येथें बोलले. विषय वर्णपटांतील रेषांचा होता. त्याच सुमारास त्यांचा नव्या पुंजयामिकीवरील निबंध प्रसिद्धीच्या वाटेवर होता. थोड्याच आठवड्यांनीं त्या निबंधाचीं मुद्रितें केंब्रिजचे फाउलर यांच्या हातीं आलीं. त्यांनीं तीं आपले विद्यार्थी डिरॅक यांना दिलीं, आणि डिरॅक यांनीं त्यांतून आपली स्वतंत्र वाट काढली. हे डिरॅकही याच मंडळाचे सभासद होते.

दुसरें उदाहरण फेब्रुवारी १९३२ मधलें. झोलिओ-क्यूरी दंपतीचे प्रयोग वाचून चॅडविक यांना त्यांच्या निष्कर्षाचा संशय आला. सुमारें तीन आठवडे झोपेची पर्वा न करतां त्यांनीं काम केलें आणि विद्युद्भार नसलेला, प्रोटॉनाइतक्या वजनाचा कण असल्याचा पुरावा मिळविला. त्यांचें पत्र ‘नेचर’ पत्रांत २७ तारखेस छापून आलें. मंडळाच्या सभासदांनीं ती हकीकत २३ तारखेच्या मंगळवारींच ऐकली होती. भाषण संपतांच, आतां मला भूल देऊन पंधरा दिवस निजूं द्या, अशा अर्थाचें ते बोलले म्हणतात. मंडळामुळें न्यूट्रॉन सांपडला असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. तें फळ चॅडविक यांच्या श्रमांचें. परंतु तें फळ प्रथम पारखून पाहण्यास जाणते आणि निर्भीड श्रोते जवळच तयार होते, ही गोष्ट लहान नव्हे.

१९३४ सालीं कापिट्झा मायदेशीं गेले असतां सोव्हिएत सरकारनें त्यांना परत येऊं दिलें नाहीं. संस्थापक गेला, तरी मंडळ त्याच्या नांवानें पुढें पुष्कळ वर्षें चाललें. बत्तीस वर्षांनीं, १९६६ मध्यें, ते पुन्हा केंब्रिजला आले, तेव्हां जुन्या मंडळींसह मंडळाची पुन्हा एक सभा भरली.

आपल्या महाविद्यालयांतही विज्ञानमंडळें आहेत. उद्घाटन होतें, पुष्पहार होतात, पाहुण्यांचें भाषण होतें. शेवटीं ‘कोणास कांहीं शंका?’ असें विचारलें जातें, तेव्हां आभारप्रदर्शक उठून उभाच असतो. यांत दोष विद्यार्थ्यांचा, असें आम्ही शिक्षक आपसांत म्हणतों. परंतु कापिट्झा यांची हकीकत वाचल्यापासून एक प्रश्न आम्हांस सोडीत नाहीं. इतक्या वर्षांच्या अध्यापनांत, फळ्यावरील आमची चूक दाखविण्यास आम्हीं किती विद्यार्थ्यांना मोकळीक दिली? बोटांवर मोजावे, इतकेच चेहरे आठवतात. मंडळास पैसा, इमारत किंवा मोठे पाहुणे लागतातच असें नाहीं. एक फळा, आठवड्यांतील एक ठरलेली संध्याकाळ आणि चुकण्याची लाज न बाळगणारा एक वडीलधारा मनुष्य, एवढ्यावर तें चालतें. पहिल्या दोन गोष्टी प्रत्येक महाविद्यालयाजवळ आहेत; तिसरी आम्हां शिक्षकांनींच पुरवावयाची आहे.